डॉक्टर सिडनी रिंगर आणि नळाचें पाणी

पावसाळा लागला कीं खेडोपाडीं जुलाब-वांत्यांनीं गळून गेलेले रोगी दवाखान्यांत येऊं लागतात. रोग्याच्या उशाशीं एक खांब उभा करितात, त्याला एक बाटली टांगतात, आणि तिच्यांतील स्वच्छ पाण्यासारखा द्रव थेंब थेंब करून त्याच्या शिरेंत सोडतात. कांहीं तासांनीं खोल गेलेले डोळे वर येतात, थंड पडलेले हात ऊबदार होतात, आणि दाराशीं बसलेल्या आईचा जीव भांड्यांत पडतो. या बाटलीवर रिंगर लॅक्टेट असें नांव छापलेलें असतें. परिचारिका थोडक्यांत तिला आर. एल. म्हणतात. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं ती केव्हां ना केव्हां कामास आलेली असेल. परंतु हे रिंगर कोण, असें विचारल्यास क्वचितच कोणी सांगूं शकेल. त्याच सद्गृहस्थांचें चरित्र आज विद्यार्थी मित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. हृदयाचा ठोका कशानें पडतो, या प्रश्नाचा पहिला धागा या पुरुषाच्या हातीं लागला. तो लागला एका चुकीमुळें. पण हातीं टिकला तो ती चूक कबूल करण्याच्या सरळपणामुळें.

सिडनी रिंगर यांचा जन्म १८३५ सालीं इंग्लंडच्या पूर्व भागांतील नॉरिच या शहरीं झाला. घराणें व्यापारी होतें, आणि धर्मानें तें राजमान्य चर्चबाहेरच्या स्वतंत्र मंडळींपैकीं होतें. मुलें लहान असतांनाच वडील वारले. पुढें सिडनी यांचे दोन भाऊ नशीब काढण्यासाठीं पूर्वेकडे गेले. जॉन यांनीं शांघाय येथें व्यापारांत पैसा मिळविला. फ्रेडरिक जपानांतील नागासाकी बंदरांत स्थायिक झाले, १८६८ सालीं त्यांनीं तेथें होम रिंगर कंपनी काढली, आणि त्यांचा बंगला त्या शहरांत आजही प्रवाशांना दाखविला जातो. सिडनी यांनीं मात्र समुद्र ओलांडला नाहीं. त्यांना जो प्रदेश धुंडाळावयाचा होता तो मुठीएवढा होता.

त्या काळीं ऑक्सफर्ड व केंब्रिज या जुन्या विद्यापीठांचे दरवाजे राजमान्य चर्चबाहेरच्या मुलांना पूर्णपणें उघडे नव्हते. १८२६ सालीं स्थापन झालेलें लंडनचें युनिव्हर्सिटी कॉलेज मात्र कोणाचाही धर्म वा पंथ विचारीत नसे. १८५४ सालीं रिंगर तेथें दाखल झाले. १८६० सालीं ते एम. बी. व १८६३ सालीं एम. डी. झाले. त्यानंतर १९०० सालीं निवृत्त होईपर्यंत त्यांचें सारें आयुष्य त्या कॉलेजांत व त्याच्या रुग्णालयांतच गेलें. कांहीं वर्षें लंडनच्या मुलांच्या रुग्णालयांतही त्यांनीं काम केलें. औषधिशास्त्राचे प्राध्यापक, मग वैद्यकाचे प्राध्यापक, अशा पायऱ्या ते चढत गेले. १८६९ सालीं त्यांनीं औषधोपचारांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या १८९७ पर्यंत तेरा आवृत्त्या निघाल्या. दोन पिढ्यांच्या डॉक्टरांच्या मेजावर तो असे.

एवढी कीर्ति व एवढी वैद्यकी पदरीं असतां एखादा मनुष्य तेवढ्यावरच समाधान मानून स्वस्थ बसला असता. परंतु रिंगर यांना एक वेड होतें. रुग्णालयांतील फेरी, विद्यार्थ्यांचीं व्याख्यानें आणि खासगी रोगी यांतून जो वेळ उरे तो ते कॉलेजच्या प्रयोगशाळेंत घालवीत. सकाळीं कामावर जाण्यापूर्वीं ते तेथें डोकावत, आणि दोन कामांच्या मध्यें पुन्हां घाईघाईनें येऊन प्रयोग कोठवर आला तें पाहात. वक्तशीरपणाबद्दल त्यांचा लौकिक होता, तो असा राखला नसता तर हीं दोन आयुष्यें एका देहांत मावलींच नसतीं.

आतां त्यांचा प्रयोग पाहूं. बेडकाचें हृदय शरीराबाहेर काढलें तरी तें लागलींच थांबत नाहीं. योग्य द्रव त्यांतून खेळविला तर तें कित्येक तास धडधडत राहूं शकतें. मग असा द्रव कोणता? रक्त तर खरेंच. परंतु रक्तांत शेंकडों पदार्थ मिसळलेले असतात. त्यांपैकीं हृदयाला नेमकें काय लागतें? रिंगर यांनीं एकेक पदार्थ वेगळा करून पाहण्याचें ठरविलें. बेडकाच्या हृदयाचा खालचा कप्पा नळीला बांधावयाचा, त्यांतून साधें मिठाचें पाणी सोडावयाचें, आणि ठोक्याची उंची फिरत्या कागदावर रेघेनें उमटवून घ्यावयाची, अशी त्यांची रीत होती. १८८२ सालीं त्यांनीं आपले निष्कर्ष एका नामांकित शास्त्रीय मासिकांत छापले. साध्या मिठाच्या पाण्यांत अल्प प्रमाणांत पोटॅशियमचा क्षार व थोडा सोडा घातला म्हणजे हृदय चांगलें चालतें, असा त्या लेखाचा सारांश होता.

येथेंच खरी गोष्ट सुरू होते. लेख छापून झाल्यावर त्यांनीं तेच प्रयोग पुन्हां केले, आणि हृदय ऐकेना! तेंच मीठ, तेंच पोटॅशियम, तीच नळी, तेच हात. परंतु ठोके लहान लहान होत जात आणि थोड्याच वेळांत हृदय थांबे. कालपर्यंत जें चालत होतें तें आज कां चालूं नये? एखाद्यानें बेडकांना दोष दिला असता, एखाद्यानें ऋतूला. रिंगर यांनीं प्रत्येक वस्तूचा माग काढला आणि शेवटीं पाण्यापाशीं येऊन ते थांबले. त्यांच्या समजुतीप्रमाणें द्रव नेहमीं ऊर्ध्वपातित पाण्यांत, म्हणजे वाफ करून पुन्हां थंड केलेल्या निर्भेळ पाण्यांत, तयार होत असे. प्रत्यक्षांत पहिल्या प्रयोगांच्या वेळीं तें पाणी साध्या नळाचें होतें. त्या प्रयोगशाळेंत पुढें वावरलेल्या मंडळींत अशी हकीकत सांगितली जाई कीं, तेथील एका सेवकाला पाणी ऊर्ध्वपातित करीत बसण्याचा कंटाळा आला होता. डॉक्टरांना फरक कळणार थोडाच, असें मनाशीं म्हणून त्यानें नळाखालीं भांडें धरलें.

विद्यार्थी मित्रांनो, येथें क्षणभर थांबा. त्या वेळीं रिंगर यांचें वय पन्नाशीच्या जवळ आलें होतें. ते नामवंत प्राध्यापक होते, आणि त्यांचा लेख जगभर वाचला गेला होता. चुकीचा बोभाटा न करतां नवा लेख लिहून जुना विसरूं देणें त्यांना सहज शक्य होतें. सेवकाच्या माथीं दोष मारून मोकळें होणेंही शक्य होतें. त्यांनीं यांतलें कांहींच केलें नाहीं. १८८३ सालच्या आपल्या पुढील लेखाच्या प्रारंभींच त्यांनीं सांगून टाकिलें कीं, मागच्या प्रयोगांत वापरलेलें पाणी न्यू रिव्हर कंपनीचें नळाचें होतें, सबब त्या लेखांतील अनुमानें दुरुस्त केलीं पाहिजेत. आणि मग त्यांनीं दुसरा, अधिक मोलाचा प्रश्न विचारला: नळाच्या पाण्यांत असें काय आहे कीं ज्यानें हृदय जिवंत राहातें?

ही न्यू रिव्हर म्हणजे नदी नव्हे, तर १६१३ सालीं सर ह्यू मिडल्टन यांनीं लंडनला पाणी पुरविण्यासाठीं पुरा केलेला एक लांब कालवा होय. हर्टफर्डशायरमधील खडूच्या टेकड्यांच्या झऱ्यांतून त्याचें पाणी येई. खडू म्हणजे चुन्याचाच एक प्रकार. त्यामुळें त्या पाण्यांत चुना, म्हणजे कॅल्शियम, विरघळलेलें असे. पृथक्करणांत त्याचें प्रमाण दहा लक्ष भागांत सुमारें ३८ भाग भरलें. जिभेला ज्याची चवही लागूं नये एवढासा हा अंश! रिंगर यांनीं निर्भेळ पाण्याच्या द्रवांत तेवढेंच कॅल्शियम मिसळलें, आणि थांबूं लागलेलें हृदय पुन्हां जोमानें धडधडूं लागलें.

पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांनीं हें रहस्य अधिक उकललें. एकट्या कॅल्शियमनेंही काम भागत नाहीं; त्याचें प्रमाण वाढलें तर हृदय आवळतें आणि सैल होण्याचें विसरतें. पोटॅशियम वाढलें तर तें सैलच पडतें आणि आवळण्याचें विसरतें. दोहोंचा तोल राखला तरच ठोका नीट पडतो. हा तोल साधलेला मीठ, पोटॅशियम व कॅल्शियम यांचा द्रव रिंगरचा द्रव म्हणून प्रसिद्ध झाला. १८८५ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांना आपले सभासद करून घेतलें. १९३२ सालीं अमेरिकेंतील मुलांचे डॉक्टर अलेक्सिस हार्टमन यांनीं आजारी बालकांसाठीं त्या द्रवांत लॅक्टेट मिसळलें, आणि आरंभीं सांगितलेली बाटली तयार झाली.

रिंगर यांच्या खासगी आयुष्यांत मात्र एक मोठें दुःख होतें. त्यांना दोन मुली होत्या. त्यांपैकीं एक लहान वयांतच देवाघरीं गेली. मुलांच्या रुग्णालयांत ज्यानें काम केलें आणि औषधांचा ग्रंथ ज्यानें लिहिला त्या बापाला स्वतःच्या लेकराला वांचवितां आलें नाहीं. यॉर्कशायरच्या माळरानाच्या कडेला लास्टिंगहॅम नांवाचें एक खेडें आहे. तेथें ६५४ सालीं संत सेड यांनीं मठ स्थापिला होता, आणि अकराव्या शतकांत बांधलेलें तळघर असलेलें जुनें प्रार्थनामंदिर त्या जागीं अजून उभें आहे. रिंगर यांनीं मुलीच्या स्मरणार्थ १८७९ सालीं त्या मंदिराचा स्वखर्चानें जीर्णोद्धार करविला. हृदयाचे ते प्रसिद्ध प्रयोग या दुःखानंतरचे आहेत, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें.

रिंगर यांच्या शोधाचा पूर्ण अर्थ मात्र त्यांच्या हयातींत कोणालाही कळला नाहीं. हातापायांचे स्नायू बाहेरचें कॅल्शियम काढून घेतलें तरी बराच वेळ हालत राहातात. त्यामुळें चुना ही हृदयाचीच कांहीं खासगी आवड असावी, असें पुष्कळांना वाटलें. १९४७ सालीं हाइलब्रन व वायर्सिन्स्की यांनीं स्नायूच्या तंतूच्या आंत निरनिराळे क्षार सोडून पाहिले, तेव्हां कॅल्शियमनेंच तो आंखडतो असें दिसून आलें. पुढें १९६० नंतरच्या दशकांत जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनीं ट्रोपोनिन नांवाचें प्रथिन शोधून काढलें आणि कॅल्शियम नेमकें कोठें जाऊन बसतें तें दाखविलें. ज्या देशांत एक रिंगर व्यापारासाठीं गेले होते, त्याच देशांतून दुसऱ्या रिंगरांच्या कोड्याचें उत्तर आलें.

आज आपणांस जें ठाऊक आहे तें असें. हृदयाचा स्नायु असंख्य सूक्ष्म पेशींचा बनलेला असतो. प्रत्येक पेशी म्हणजे एक लहानसें घर समजा. घराबाहेर कॅल्शियम पुष्कळ, आणि आंत मोकळें असलेलें फारच थोडें. बाहेरचें प्रमाण आंतल्याच्या सुमारें दहा हजार पट असतें. विजेची लहर आली कीं भिंतींतलीं बारीक दारें उघडतात आणि थोडें कॅल्शियम आंत येतें. तें जणूं निरोप्या. घरांत एक कोठार असतें. निरोप्यानें थाप मारतांच कोठाराचीं दारें उघडतात आणि आंत सांठविलेलें पुष्कळ कॅल्शियम बाहेर पडतें. तें ट्रोपोनिनला जाऊन चिकटतें, आंखडणारे धागे एकमेकांत सरकतात, आणि ठोका पडतो. एवढ्यानें काम संपत नाहीं. तेंच कॅल्शियम लगोलग गोळा करून कोठारांत परत भरणारे पंप असतात. शिवाय सोडियम आंत घेऊन कॅल्शियम बाहेर टाकणारी एक अदलाबदलीची वाटही असते. आंगण असें झाडून निघालें कीं हृदय सैल पडतें व रक्तानें पुन्हां भरतें. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर हा खटाटोप दिवसाकांठीं सुमारें एक लक्ष वेळां होतो, आणि आपणांस त्याची वार्ताही नसते.

हृदय दुबळें होतें, ज्याला डॉक्टर हार्ट फेल्युअर म्हणतात, तेव्हां हाच व्यवहार बिघडतो. कोठार भरणारे पंप मंदावतात. कोठाराचीं दारें नीट मिटत नाहींत. वेळ नसतांना त्यांतून कॅल्शियम झिरपतें. अदलाबदलीची वाट उरलेलें कॅल्शियम पेशीबाहेर घालविते. परिणाम असा कीं, ठोक्याच्या वेळीं कोठारांत पुरेसा सांठा नसतो म्हणून ठोका कमजोर पडतो. आणि विसाव्याच्या वेळीं आंगण साफ होत नाहीं म्हणून हृदय पुरतें सैलही होत नाहीं. झिरपणाऱ्या कॅल्शियममुळें कधीं कधीं अवेळीं भलताच ठोका उठतो, आणि तो प्राणघातकही ठरूं शकतो. १९८७ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं, हृदय बदलतांना काढलेल्या रोगट हृदयांच्या स्नायूंत, एका जेलीफिशपासून मिळणारें व कॅल्शियम लागतांच प्रकाशणारें द्रव्य घालून हा प्रकार डोळ्यांनीं पाहिला: निरोगी स्नायूंत उजेड चमकून झटकन् मावळे, तर रोगट स्नायूंत तो रेंगाळत राही.

मग कॅल्शियम वाढविणारें औषध दिलें म्हणजे झालें, असें कोणासही वाटेल. डॉक्टरांनाही तसें वाटलें होतें. १७८५ सालीं विल्यम विदरिंग यांनीं प्रसिद्ध केलेलें डिजिटॅलिस हें वनस्पतिज औषध शेवटीं पेशींत कॅल्शियमच वाढवितें. रिंगर यांच्या ग्रंथांत त्याचा विचार आहे. पण त्याचें कर्तृत्व आपणच शोधलेल्या चुन्यांतून घडतें हें त्यांना कळण्याचा संभव नव्हता. पुढें ठोका जोरदार करणारीं नवीं औषधें निघालीं. त्यांपैकीं मिलरिनोन रोज पोटांत घेणारे रोगी, तें न घेणाऱ्यांपेक्षां अधिक संख्येनें दगावतात, असें १९९१ सालीं दिसून आलें. थकलेल्या बैलाला पराणी टोंचली तर तो चार पावलें धांवतो आणि मग जुवाखालींच बसतो, हें आपल्या शेतकऱ्याला शिकवावें लागत नाहीं. उलट, हृदयाला शांत करणारीं बीटा-ब्लॉकर औषधें, जीं पूर्वीं अशा रोग्याला वर्ज्य समजत, त्यांनीं आयुष्य वाढतें असें त्याच दशकाच्या अखेरीस सिद्ध झालें. कोठार भरणाऱ्या पंपाचें जनुक हृदयांत पोंचविण्याचाही प्रयत्न झाला; परंतु २५० रोग्यांवरील त्या प्रयोगाचा निकाल २०१६ सालीं प्रसिद्ध झाला तेव्हां कांहीं लाभ आढळला नाहीं. निराशाजनक निकालही तसाच छापला गेला, ही रिंगर यांच्या परंपरेला शोभणारीच गोष्ट होय.

पालकांसाठीं दोन शब्द येथें लिहिणें अवश्य वाटतें. हा रोग आहारांतील चुना कमी पडल्यानें होत नसतो. म्हणून घरांतील वृद्ध माणसाला धाप लागते असें पाहून कॅल्शियमच्या गोळ्या आणून देऊं नयेत. रक्तांत कॅल्शियम बहुधा पुरेसें असतें. बिघडतो तो पेशींतील हिशेब. तसेंच, अशक्तपणा आला कीं बाटली लावून घेण्याचा जो परिपाठ पडला आहे तो अशा रोग्याला घातक ठरूं शकतो, कारण दुबळ्या हृदयाला जादा पाण्याचा भार सोसत नाहीं. पायांवर सूज येणें, उशीशिवाय निजतां न येणें, रात्रीं श्वास कोंडून उठून बसावें लागणें, हीं लक्षणें दिसतांच, वयच झालें असें म्हणून दिवस न ढकलतां, डॉक्टरांना दाखवावें. आर. एल. ची बाटली एकाला तारते आणि दुसऱ्याला बुडवूं शकते. तोल हाच रिंगर यांच्या शोधाचा गाभा होता, तो येथेंही लागू पडतो.

१९०० सालीं निवृत्त झाल्यावर रिंगर लास्टिंगहॅमला जाऊन राहिले. १९१० सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या १४ तारखेस तेथेंच त्यांचें देहावसान झालें, आणि त्या खेड्यांतच त्यांना चिरविश्रांति देण्यांत आली.

मुलांनो, आपल्या प्रयोगशाळेंत वहींत आंकडे उतरवितांना पुस्तकांतल्या उत्तराशीं न जुळणारा आंकडा खोडून दुसरा लिहिण्याचा मोह तुम्हांला होतो, हें शिक्षकांना ठाऊक नाहीं असें समजूं नका. पुढच्या वेळीं तो मोह झाला म्हणजे लंडनमधील त्या नळाची आठवण करा. रिंगर यांनीं आपला न जुळणारा आंकडा खोडला असता, तर बेडकाचें तें हृदय कां थांबलें हें कोणास कळण्यास आणखी किती वर्षें लागलीं असतीं, कोण सांगूं शकेल? तो आंकडा तसाच राहूं द्या, त्याच्यापुढें तारीख घाला, आणि पाणी कोठून आणलें होतें तेंही लिहून ठेवा.